तापवून ठेवलेली गाडी

सकाळची वेळ, गाडी लिंबाच्या सावलीत, आणि बॉनेटला हात लावला तर चटका बसला. म्हणजे आम्ही मावला गावी पोचायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. जुनी गाडी घ्यायची तर गार इंजिन पहिल्या चावीला उठतं का, हेच आधी बघायचं असतं. आम्हाला तर ती पहाटेच्या गारठ्यातच काढावी लागणार होती. आईला आठवड्यातून दोनदा आमच्या तामसी गावाहून आदिलाबादला डायलिसिसला न्यावं लागतं. बसच्या धक्क्यांनी परतेपर्यंत तिच्यात काही उरत नाही.

गाडी विकणारा माझ्या ताईचा चुलत सासरा. लेकीच्या सासरच्या माणसाला आमच्याकडे प्रश्न विचारत नाहीत.

मी विचारला. "काका, इंजिन आत्ताच गरम कसं? गार होऊ द्या. आमी थांबतो."

"काऊन? चोरीची वाटून राह्यली का?" तो हसला आणि बाबांकडे वळला. "व्याही, तुमची पोरगी माह्या गाडीची झडती घेऊन राह्यली!"

बाबा ओशाळले. "मोर्चात जाते ना, सवय लागली तिले."

तेवढ्यात काकूंनी पेढे आणले. "तोंड गोड करा." बाबांनी पेढा तोंडात टाकला. झाला व्यवहार! पेढा खाल्ल्यावर नाही म्हणता येत नाही, हे त्या घराला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी मला बघायला आलेल्यांनी अंगणात चालून दाखवायला लावलं, चष्म्याचा नंबर विचारला. तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. पत्र्याच्या डब्याला मात्र अब्रू असते! गावोगाव मी 'जाब विचारा' म्हणून पत्रकं वाटते, लोक टाळ्याही वाजवतात. सोयरिकीच्या ओसरीवर सगळे मुके.

थंडी पडली त्या पहाटे आई शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसली. मी चावी फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बाबांनी मागून ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली, तरी उठली नाही.

"काकांना फोन लावा," मी म्हटलं.

"अन् मंग ताईले बोलणे बसतील, ते कोण ऐकन?" बाबा धापा टाकत होते.

आई दार उघडून खाली उतरली. "भांडू नका. बस निघून जाईन." शाल सावरत तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताईनं इचारलं तर गाडी चांगली चालते म्हणून सांगजो."