पहिला घोट

घानामधल्या आमच्या कारखान्यात परदेशी नावाची बिअर बनते. इतकी वर्षं तिचं धान्यही बोटीनं परदेशातूनच यायचं. यंदा पहिल्यांदाच आम्ही इथल्या बायकांची ज्वारी घेतली. त्यांच्यापैकी अझारामावशी घरीही ज्वारीची बिअर गाळतात. म्हणून पहिल्या खेपेतली एक गार बाटली मी त्यांच्या अंगणात घेऊन गेलो. त्यांना आवडली नाही तर, ही धास्ती मनात होती.

मावशींनी बाटली उघडली आणि पहिला घोट मातीवर ओतला.

"आधी आमच्या गेलेल्या म्हाताऱ्यांना."

मला जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चार शितं बाजूला ठेवणारे माझे वडील आठवले. कुठल्याही मुलखात जा, माणसाला पहिला घास एकट्यानं गिळवत नाही. त्या ओल्या मातीकडे बघताना बिअरचं ते परदेशी नाव मला जरा कमी परकं वाटलं.

मग मावशी स्वतः प्यायल्या आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ज्वारी आमचीच आहे, ओळखली मी. पण केवढी गार! म्हाताऱ्यांच्या दातांना कळ आली असेल. पुढच्या हंगामाची आणशील ना, ती जरा उन्हात ठेवून आण."