डोंगराआड चाळीस मिनिटं

माणूस शुद्धीवर आहे की नाही हे ठरवणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी भूलतज्ज्ञ आहे, आयर्लंडमध्ये लिमरिकला असते. असले अतर्क्य किस्से मी आजवर चहाबरोबर ऐकले आणि कप विसळताना विसरले... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. हसायचं तर हसा.

बाबा कराडचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. आई गेल्यापासून दर उन्हाळ्यात माझ्याकडे यायचे. सह्याद्रीतले गड पालथे घातलेला माणूस. माझ्या लॅपटॉपवर स्कॉटलंडच्या स्काय बेटाचे डोंगर पाहिले आणि तेच खूळ घेऊन बसले. तीन उन्हाळे मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहिले. या वेळी त्यांनी स्वतःच सगळं आखलं — बेलफास्टपर्यंत गाडी, पुढे फेरीबोट, डोंगराच्या पायथ्याशी एका बाईंचं गेस्टहाउस, दोन बेड. सप्टेंबरातला शनिवार ठरला. त्या दिवशी संकष्टी होती आणि बाबांचा उपास चंद्र पाहूनच सुटायचा, म्हणून तिथल्या चंद्रोदयाची वेळही डायरीत लिहून ठेवली. ८:५२.

आता खरं सांगते. स्कॉटलंड ब्रिटनमध्ये येतं; बाबांच्या पर्यटक व्हिसावर तिकडेही जाता येत होतं, इथे नोकरी करणाऱ्या मला मात्र ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. मी अर्जच केला नव्हता. ड्यूटीचा रोटा, परीक्षा, कंटाळा... नुसती चालढकल. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "व्हिसाचं काय गं?" मी म्हणायचे, "येतोय बाबा." अर्ज केलेला नाही हे मी एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी बाबा किचनमध्ये कोसळले. मेंदूत मोठा रक्तस्राव. व्हेंटिलेटरवर घेतलं, पण स्कॅन पाहिला तेव्हाच मला कळलं की यातून परत येणं नाही. घरच्यांना समजावतात तसं मला कुणी समजावलं नाही. काय समजावणार?

गुरुवारी दुपारी बुकिंग रद्द करायला गेस्टहाउसला फोन लावला. नाव सांगताच बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचा सकाळीच फोन येऊन गेला. तुमचा बेड रद्द केलाय त्यांनी. एकटेच येतायत ना?"

मी म्हटलं, काहीतरी गल्लत होतेय, कधी आला फोन?

"आज. पाववाला गुरुवारीच येतो, तो दारात उभा होता. फार सभ्य गृहस्थ, सारखं मॅडम मॅडम करत होते. चंद्र किती वाजता दिसेल विचारलं. मी म्हटलं, कागदावर कुठलीही वेळ असू दे, आमच्यासमोर डोंगर आहे, वर चाळीस मिनिटं धरा. तर म्हणाले, जेवण तोवर झाकून ठेवा."

मग म्हणाल्या, "तुमच्या व्हिसाचा अर्ज झालेला नाही, असं म्हणत होते. त्यावरून तुम्हाला बोल लावू नका म्हणाले. तुम्हाला काम फार असतं म्हणे."

बाबांचा मोबाईल सोमवारपासून घरी प्रेसमध्ये — इथे कपाटाला प्रेसच म्हणतात — बंद पडून होता. मी तशीच आयसीयूत गेले, चार्ट पाहिला, नर्सला विचारलं. सकाळभर त्यांचं बोटसुद्धा हललं नव्हतं.

घरी येऊन बाबांची डायरी काढली. इन्शुरन्सच्या कागदांसाठी बुधवारीच चाळली होती, तेव्हा त्या पानावर ८:५२ एवढंच होतं. आता पुढे लिहिलेलं होतं: + ४० (डोंगर) = ९:३२. अक्षर बाबांचं. उत्तराखाली दोन रेघा, फळ्यावर मारायचे तशाच. खाली, "बेड १".

शुक्रवारी दुपारी बाबा गेले. शनिवारी तिथे कुणी आलं का, हे मी त्या बाईंना अजून विचारलेलं नाही. हिंमतच होत नाही.

फोन कुणी केला, डायरीत कुणी लिहिलं... मला माहीत नाही, आणि शोधायचंही मी सोडून दिलंय. मला जाळतं ते वेगळंच. अर्ज केलेला नाही हे बाबांना कळलं कधी? बेशुद्धीत कळलं असेल, तर ते अमानवीय म्हणून सोडून देता येईल. पण आधीपासूनच माहीत असेल, तर सगळं ठाऊक असून ते रोज संध्याकाळी मला विचारत होते, व्हिसाचं काय गं?

आणि मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणत होते, येतोय बाबा.