हात मोकळे झाले का

“हात मोकळे झाले का एक बोर्ड मी पण खेळीन, भैया!” विजय नगरच्या आमच्या ऑफिसात ताई रोज जेवणाच्या सुट्टीत हे म्हणायच्या. हात काही मोकळे व्हायचे नाहीत.

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. आम्ही चौघं पुरुष डबा संपवून कॅरमवर तुटून पडायचो आणि ताई शेजारच्या खुर्चीत मेथी निवडत बसायच्या. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा पेपरातून मान वर न काढणारा. तरी मध्येच त्या बोलायच्या, “अच्छा, कोपऱ्यातली सोडून ती काहून मारून राहिले?” चूक नेमकी तीच असायची.

कॉलेजात असताना ताईंनी नागपूरला कॅरमचा कप जिंकला होता म्हणे. आम्ही म्हणालो, “ताई, फेकू नका!”

थंडीत जबलपुरात मटरचा सुकाळ. एकदा मी कमानिया गेटहून पाच किलो आणला आणि थैली सरळ त्यांच्यापुढे ठेवली. “तुमचे हात तसेही चालूच असतात, ताई.” त्यांनी हसून सोलून दिला. मग काय, बाकी तिघांच्याही थैल्या यायला लागल्या. आयतं मिळालं की माणसाला भान राहत नाही. वर घरी मी बायकोला सांगितलं, मटर मीच सोलला! तिने कौतुकाने दोन वेळा चहा दिला. आज आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

ताई रिटायर झाल्या तेव्हा आम्ही त्यांना प्रेशर कुकर भेट दिला. निवड माझीच.

निरोप घेऊन निघताना त्या बोर्डापाशी थांबल्या. अर्धा डाव तसाच पडला होता. “जरा धरा, भैया,” म्हणत त्यांनी कुकर माझ्या हातात दिला आणि उभ्याउभ्याच स्ट्रायकर मारला. राणी थेट कोपऱ्यात गेली.

तेवढ्यात खालून नवऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

“चलो, कव्हर राहिलं,” ताई म्हणाल्या. पदराला बोटं पुसून त्यांनी कुकर घेतला आणि जिना उतरल्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत “द्या ताई, मेथी मी निवडतो, तुम्ही खेळा” एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नव्हती.

राणीमागून लगेच आपली दुसरी सोंगटी घातली नाही, म्हणजे कव्हर मिळालं नाही, तर राणी परत मधोमध ठेवावी लागते. ती मीच ठेवली.