तापानंतरचा पहिला घास

माझी लेक दीड वर्षाची असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. चमचा दिसला की ती ओठ घट्ट मिटायची. बायकोची रजा संपली होती, म्हणून मी कारखान्यातून सुट्टी काढून उस्मानपुऱ्यातल्या घरी थांबलो.

करमाडहून आलेल्या माझ्या आईचा जीव तुटत होता. "लेकराच्या पोटात काय नाय रे. तू हात धर, मी दोन घास घालते," ती म्हणाली.

"नाय आई. डॉक्टरांनी सांगितलंय, पाणी पाजत राहा, पण बळजबरी करू नका."

असं म्हणालो खरं, पण काळजी मलाही होती. तरी मी ठरवलं होतं, वाटी पुन्हा पुन्हा समोर ठेवायची आणि तिनं मान फिरवली की मुकाट्यानं उचलायची. पेज परत गेली, दहीभातही परत गेला.

दुपारी मुगाची मऊ खिचडी केली आणि चमचा तिच्याच हातात दिला. तिनं तो भरला, अर्धा सांडला आणि माझ्या तोंडात कोंबला. मी तो घास मिटक्या मारत खाल्ला. "अजून दे," म्हणालो. ती लई खूश झाली. मला भरवता भरवता तिनं चमचा चाटला, मग एक घास स्वतःच्या तोंडात घातला.

आई काही बोलणार, तेवढ्यात मी तिला डोळ्यानंच थांबवलं. लेकीनं थोडीच खिचडी खाल्ली. आणखी एका घासासाठी आम्ही मागं लागलो नाही. संध्याकाळी वाटी पाहून तिनं आपणहून हात पुढं केला.