उजव्या रकान्यातली मेंढरं

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी ग्रीस आणि रोममधल्या जुन्या तत्त्वज्ञांच्या नादी लागलो. कारण साधं होतं. रक्तदाब वाढला होता, परभणीच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, चिडचिड कमी करा. मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. औषध वेळेवर येत नाही, वरून अहवाल मागतात, आणि गाय अडली की लोक जेवणाच्या ताटावरून उठवतात. चिडचिड कमी कशी करायची, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते मला पुस्तकांच्या एका प्रदर्शनात सापडलं. स्टोइक म्हणवणाऱ्या त्या माणसांच्या विचारांचं मराठी पुस्तक होतं. त्यांच्यात एक जण गुलाम होता आणि एक बादशहा, आणि दोघांनाही एकच गोष्ट पटली होती, हे वाचून मी पुस्तक विकत घेतलं.

सकाळच्या पॅसेंजरमध्ये माझं वाचन चाले. परभणीला बसलो की पिंगळीपर्यंत दोन पानं, चुडाव्याला उतरेपर्यंत आठ-दहा. स्टेशनजवळ मोटारसायकल ठेवलेली असे, तिच्यावरून पुढं दवाखाना. संध्याकाळी घरी आल्यावर वहीत पानाच्या मधोमध रेघ ओढायची. डावीकडे ‘माझ्या हातात’, उजवीकडे ‘माझ्या हातात नाही’. दिवसभर झालेलं सगळं दोन्हीकडे वाटून टाकायचं. बदलीची अफवा उजवीकडे, मुलीचे मार्क उजवीकडे, साहेबांचा स्वभाव उजवीकडे. महिन्याभरात मला गाढ झोप लागू लागली.

बायको म्हणाली, “पुस्तक वाचायला लागल्यापासून तुम्ही शांत झालात, हे खरं. पण आता कुणाचं ऐकतच नाही हो.”

तिचं हे बोलणंही मी उजवीकडे लिहिलं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या भागातला एक धनगर दवाखान्यात आला. माझ्याच वयाचा, शंभरेक मेंढरांचा मालक. पाऊसकाळ लागायच्या आत मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचावी लागते, नाहीतर कोवळ्या गवतावर ती पटापट मरतात. त्याची मेंढरं तेव्हा एका शेतात बसवलेली होती. आमच्याकडे शेतकरी खतासाठी मेंढरं रात्री रानात बसवून घेतात, आठ-दहा दिवस झाले की कळप पुढच्या रानात.

“डॉक्टर, सोमवारी या. मंगळवारी आमी उठणार,” तो म्हणाला. मी डॉक्टर नाही, पण सगळे तसंच म्हणतात. “सकाळी वाघुरीतच ठिवतो. तुमी आलाव की सोडायची.”

वाघूर म्हणजे खुंट्यांना बांधलेली जाळी, मेंढरांचा रातचा कोंडवाडा. लस टोचायची तर मेंढरं जाळीतच हवीत. एकदा चरायला सुटली की हाती लागत नाहीत.

मी ‘येतो’ म्हणालो.

सोमवारी लस फ्रीजमध्ये होती, बर्फाचा डबा भरायचा बाकी होता. मला कंटाळा आला. दुसरं कारण नव्हतं. ऊन होतं, आदल्या दिवशी लग्नाला जाऊन आलो होतो, आणि सकाळीच गाडीत वाचलं होतं की दुसऱ्याच्या घाईने आपलं मन हलू देऊ नये. पुस्तकात नेमकं काय म्हटलं होतं कोण जाणे, मी मात्र माझ्या सोयीचं घेतलं. ‘आज जमत नाही, गुरुवारी येतो’ असा मेसेज त्याला पाठवला. फोन केला नाही, कारण फोन केला असता तर त्याने गयावया केली असती आणि मला जावं लागलं असतं.

त्याला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. दवाखान्याच्या वहीत त्याच्या अंगठ्यावर शाई मीच लावायचो.

मंगळवारी उजाडताच त्याचा फोन आला. पोचलो तेव्हा जाळीच्या बाहेर अकरा मेंढ्या पोटं फुगून पडल्या होत्या. आदल्या दिवशी त्याने माझी वाट बघत दुपारचे बारा वाजेपर्यंत कळप कोंडून ठेवला. मग सोडला, तर उपाशी मेंढरं शेजारच्या उन्हाळी मक्याच्या रानात घुसली. कणसं मोडून नेली होती, पण खाली बरीच राहिली होती. उपाशी पोटी तेवढं धान्य. लस लागू पडायला दिवस लागतात, पण मी वेळेवर आलो असतो तर ती इतकी उपाशी राहिलीच नसती. मला काही चिरून बघायची गरज नव्हती.

त्याची बायको माझ्यासमोरच त्याला बोलत होती. “चाळीस वर्सं मेंढरामागं हाय म्हणं हा माणूस! उपाशी जित्राब मक्यात घालतंय का कुणी?”

तो मला म्हणाला, “चूक माझीच हाय डॉक्टर. मला आवरली न्हाईत. पण तुमी का आलाव न्हाई?”

“लस आली नव्हती,” मी म्हणालो. “आज सकाळी आली.”

“फोन टिंग वाजला व्हता काल. मी म्हणलं कंपनीचा आसंल.”

“असेल,” मी म्हणालो.

हे एवढंच असतं तर कदाचित मी आज लिहिलंही नसतं. उरलेल्या मेंढरांना लस टोचून झाल्यावर मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला तत्त्वज्ञान सांगितलं. जे आपल्या हातात नसतं, त्याचं दुःख करू नये. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं असं सांगून गेलीत. तो ऐकत राहिला. म्हणाला, “तुमी लय वाचलेलं हाय.” त्याचे डोळे भरून आले होते. संध्याकाळी मी वहीत लिहिलं, ‘अकरा मेंढ्या’. उजव्या रकान्यात.

दोन महिने मी वाचत राहिलो, लिहीत राहिलो. झोप मात्र गेली.

मग ताडकळसच्या बाजारात त्याचा धाकटा भाऊ भेटला. एकटाच मेंढरं विकायला आलेला. मी विचारलं, “दादा कुठंय?”

“दादानं काठी टाकली. कळपाम्होरं मीच जायलाय आता. त्यो म्हणतो, माज्या हाताला यश न्हाई ऱ्हायलं. वहिनी बी दोन टाईम आईकवती. बसून ऱ्हातो नुसता, जाळ्या इणत.”

दुसऱ्या दिवशी गाडीत मी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा उघडलं. त्या विचाराचा पहिला भाग मी इतक्या महिन्यांत कधी नीट वाचलाच नव्हता. आपल्या हातात थोडं असतं, हे मला आवडलं होतं. पण जे थोडं असतं ते पूर्णपणे आपलंच असतं, त्यात वाटेकरी नाही आणि माफीही नाही, हे मी ओलांडून पुढं गेलो होतो. आपली कृती आणि आपला शब्द, एवढंच ते थोडं. त्या माणसांनी दिवसाच्या शेवटी स्वतःची झडती घ्यायला सांगितली होती. मी झडती घेत होतो, पण दुसऱ्यांची.

पिंगळी गेलं. बरोबर आणलेली वही काढून मी पेनाने ‘अकरा मेंढ्या’ खोडलं आणि डावीकडे लिहिलं. खाली आणखी तीन ओळी लिहिल्या: सोमवारचा कंटाळा. वाचता न येणाऱ्याला पाठवलेला मेसेज. लस आली नव्हती हे खोटं.

चुडाव्याला उतरून दवाखान्यात न जाता थेट त्यांच्या मुक्कामाच्या माळावर गेलो. तो खरंच जाळी विणत बसला होता. त्याची बायको चुलीपाशी होती. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. लस होती. फ्रीजमध्ये होती. मला कंटाळा आला म्हणून आलो नाही. टिंग वाजलं तो माझा मेसेज होता.

त्याने सुतळी बाजूला ठेवली. “कंटाळा?”

“हो.”

“बीमार न्हवता तुमी?”

“नाही.”

त्याने माझ्या मोटारसायकलकडे बघितलं. मग म्हणाला, “मला म्हणलाव, हातात न्हाई त्याचं दुःख करू नगं. आन् गाडीला किक मारायचं कुणाच्या हातात व्हतं?”

बायको उठून आली. मला वाटलं आता मला बोलणार. पण तिचा सगळा जीव दुसरीकडेच अडकला होता. “मंजी ह्यांला मी दोन महिने इनाकारण बोलले?” ती म्हणाली. “थांबा. उठू नका. दिराला हाक मारते. त्याच्या देखत सांगा पुन्हा, की ह्यांचा कसूर न्हवता.”

भाऊ आला. मी पुन्हा सांगितलं. शेजारच्या पालातली म्हातारी आली, तिला ऐकू कमी येत होतं, म्हणून तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. “कंटाळा आला व्हता म्हणं डॉक्टरला!” म्हातारी म्हणाली. “आमाला बी येतो की रं बाबा. मेंढरांला कुठं कळतंय त्ये.”

भरपाईची गोष्ट काढली, तर त्याने हात वर करून थांबवलं. मला चहाही दिला नाही, आणि तेच योग्य होतं. त्या आठवड्यात मी माझ्या साहेबांनाही लेखी कळवलं. त्यांनी लेखी समज दिली, ती माझ्या फाइलला आहे. ती माझ्या वहीत डावीकडेही आहे.

त्या दिवशी माळावरून निघताना त्याने एकच अट घातली. “टोचायला तुमीच या. पण तुमची गाडी डोळ्यानं दिसल्याबिगर मी मेंढरं कोंडणार न्हाई. चरायला सोडीन. मग तुमी धरा रानात पळून.”

पुढच्या वर्षी मी तसंच पळून धरली. उजाडताच पोचलो, तरी त्याने मेंढरं आधीच सोडली होती, मुद्दाम. तो पुढं काठी घेऊन चालला होता आणि मी बर्फाचा डबा बांधावर ठेवून मेंढरांमागे धावत होतो. धाकटा भाऊ हसून लोळत होता. सत्तरच टोचून झाल्या, उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्या वर्षी गाडी दिसल्यावर त्याने जाळी लावली. तिसऱ्या वर्षीही तसंच.

मला आजही लोक विचारतात, इतक्या जुन्या परक्या माणसांचं वाचून काय मिळतं? मी ठामपणे सांगतो, मिळतं. फक्त डाव्या रकान्यापासून सुरुवात करा. उजवा रकाना गोड आहे, तिथं माणूस लवकर झोपतो. रक्तदाबाची गोळी मला अजून चालू आहे. झोप मात्र परत आली, आणि या वेळची माझ्या कष्टाची आहे.

यंदाच्या मे महिन्यात मी त्याला फोन करून सांगितलं, सोमवारी येतो. सोमवारी पॅसेंजर पिंगळीला थांबली असताना फोन वाजला. तोच होता.

“कुठंपतूर आलाव?”

“पिंगळी.”

“बरं. या सावकाश,” तो म्हणाला. “मेंढरं कोंडलीत.”