मॅटवर मला बारी नव्हती

"हिला घ्या. गावची आहे, हिला लागत नाही."

कोच हसत म्हणाला. मुरबाडबाहेर बंगल्यांची एक वसाहत आहे, शनिवार-रविवारी मुंबईची माणसं हवा खायला येतात तिथे. त्यांच्या जिममध्ये. हशा पिकला. मीही हसले. पाहुणी होते ना.

मी शहापूरची. आसनगावच्या गोदामात पॅकिंग करते आणि संध्याकाळी एका पत्र्याच्या शेडमध्ये ब्राझिलियन जिऊ-जित्सू शिकते. जमिनीवरची कुस्तीच म्हणा. हात नाहीतर मान पकडीत अडकवायची आणि समोरच्याने थाप मारली की लगेच सोडायचं. अजून नवखीच आहे मी. मुरबाडला मावशीकडे भाताच्या आवणीला, रोपं लावायला आले होते. सराव चुकू नये म्हणून आमच्या सरांनी सांगितलं, "तिथं एक जिम आहे. पाहुणी म्हणून जा. आपल्यात पाहुण्याला मान असतो."

मान! डोंबलाचा मान.

पकड शिकताना जोडी असते. एकदा तू मला पकड, एकदा मी तुला. शहापुरात आम्ही बारीवरून भांडतो. इथे त्या बंगलेवाल्या बायका एकेक करून यायच्या, माझा हात पिरगाळायच्या आणि माझी बारी आली की कोच टाळी वाजवायचा. "नेक्स्ट!" की नवी बाई हजर. मी त्यांची गादी होते. घाम येणारी, श्वास घेणारी गादी.

शेवटच्या बाईने माझं कोपर उलटं ताणलं. मी थाप मारली. तिने सोडलं नाही. पुन्हा मारली. ती कोचकडे बघून विचारत होती, "सर, बरोबर येतंय ना?" पायाच्या नखांना रंग लावायला येतो, थाप ओळखायला येत नाही. मी किंचाळले तेव्हा कुठे सोडलं.

"सॉरी हं!" ती म्हणाली. "पण तुम्हा लोकांना सवय असते ना सोसायची."

सवय चिखलात वाकायची आहे, बाई. तुमच्याखाली चिरडून घ्यायची नाही. त्या सगळ्यांची किळस आली मला. आणि स्वतःची चीड. मघाशी हसले कशाला मी?

क्लास संपला की सगळे रांगेत उभे राहून एकमेकांशी हात मिळवतात. रीतच आहे. मी नवखी म्हणून शेवटी. कोचने हात पुढे केला. मी दिला नाही.

"माझी बारी नाय आली," मी म्हटलं.

"काय?"

"सगळ्यांनी माझा हात पिरगाळला. मला एकदाबी कुणाला पकडू दिलं नाय. थाप मारली तरी सोडलं नाय. तुमी बघत व्हतात."

आता कोणी हसलं नाही. "पाहुण्यांनी ॲटिट्यूड दाखवायचा नसतो," कोच म्हणाला. "परत यायचं असेल तर आधी सॉरी म्हण."

"सॉरी नाय म्हणणार. आन रविवारी येणार."

घरी मावशीने कोपराला हळद लावली. "कशाला गो जातेस परत? मोठी लोकं ती."

मोठी कसली? दुसऱ्याचं दुखणं हाताखाली असून कळत नाही, ती माणसं मोठी?

कोपर अजून नीट वळत नाही. तरी रविवारी जाणार आहे. मॅटवर बसल्या बसल्या समोरच्या बाईला सांगणार आहे, आधी मी पकडणार. नाही म्हणाली तर माझ्या अंगाला तिने हात लावायचा नाही. आणि कोचने दार दाखवलं, तर का दाखवलं ते त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. तोवर मी जागची हलणार नाही.