सिंधूताईंच्या मायचा चेहरा

सिंधूताईंचा उजवा डोळा काचबिंदूनं कधीच नेला होता. डाव्या डोळ्यात एवढंसं उजेडाचं भोक उरलं होतं, आणि तेही फार दिवसांचं नाही, असं डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं. सुनेचं नाव प्रेमिला. कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीमागच्या गल्लीत ती ब्लाऊज शिवते. डॉक्टरांचं बोलणं तिनं घरात कुणाला कळू दिलं नाही. पण म्हातारीच ती, तिला काय सांगावं लागतं? त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला, "माह्या मायचं चित्र काढून दे मले."

हे खूळ आलं ते प्रेमिलाच्याच हौसेतून. मुलगी पिंकी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जलरंगांची पेटी मागे टाकून गेली. एवढी चांगली पेटी फेकायची कशी, म्हणून प्रेमिलानं ब्रश हातात घेतला. मोबाइलवर शिकवणाऱ्या बाया बर्फातली घरं नाहीतर जांभळ्या फुलांची शेतं काढायच्या. बर्फ प्रेमिलानं पाहिलेला तो रसवंतीतला. तिचं मन लागणार कसं? मग एकदा उन्हात वाळत घातलेल्या संत्र्याच्या साली तिनं काढल्या, आणि त्या चक्क सालीच दिसल्या! चाळिशी उलटलेली बाई त्या दुपारी मशीनवर बसून उगाच हसत होती. मग चिंचा झाल्या, चपला झाल्या, तोंड उघडं टाकून झोपलेला नवरा झाला. सिंधूताई कागद डोळ्याशी नेत, सगळा एकदम दिसत नाही म्हणून सरकवत सरकवत पाहत, आणि नावं ठेवत.

माय मात्र चिंचेइतकी सोपी नव्हती. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला ती खेड्यावरून पायी नागपूरला आली, तेव्हा सिंधूताई लहान पोर होत्या. दीक्षेला नेसायला घरात पांढरं लुगडं नव्हतं, म्हणून माय नवऱ्याची दोन धोतरं धुऊन, जोडून नेसली. वर्षभरात ती वारली. फोटो एकही नाही. तिला पाहिलेलं जगात उरलेलं एकच माणूस, आणि त्याचाही डोळा चालला होता.

प्रेमिलानं दारंखिडक्या लावून, वीज केंद्राच्या राखेचे कण ओल्या कागदावर बसू न देता, पहिली माय काढली. सवयीनं धोतराला पेटीतला पांढरा रंग फासला. भिंतीला चुना मारल्यासारखी माय झाली. शिकवणारी बाई तर बजावत होती की पांढरं रंगवायचं नसतं, तिथं कागद कोरा सोडायचा असतो. पण कापड दिसलं की भरून काढायचं, ही शिलाईवालीची खोड जाते थोडीच!

"नाक असं नव्हतं," सिंधूताई म्हणाल्या.

दुसऱ्या चित्रात डोळे चुकले. तिसऱ्यात कपाळ. एके सकाळी सिंधूताईंनी चहाचा कप टेबलाच्या बाहेर, हवेतच ठेवला. कप फुटला. प्रेमिलानं तुकडे वेचले. गिऱ्हाइकांचे ब्लाऊज तसेच टाकून ती पुन्हा कागदापुढे बसली. घाईत रंग नको तिथं पसरत होता.

"उगाच जीव जाळून राहिली तू," नवरा अंकुश म्हणाला. "कोणतीही बाई काढ, अन् हेच तुमची माय म्हण."

"फसवू त्याईले? आता?" प्रेमिला कडाडली.

पुढच्या चित्रावर सिंधूताईंनी नुसती नजर टाकली आणि कागद दूर लोटला. "हे नाही वं."

प्रेमिलाचं डोकंच फिरलं. "काहून नाही, आई? नाक नाही, डोळे नाही, मग कसे होते ते तरी सांगा! एकदा तरी सांगा! वेळ नाही राह्यला आता!"

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं आणि तिनं जीभ चावली. सिंधूताई चिडतील, असं तिला वाटलं. त्या चिडल्या नाहीत. पदराचं टोक चुरगाळू लागल्या.

"मले तिचं तोंडच नाही आठवत," त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाले, नाही आठवत. तू काढशीन अन् मले आठवीन, असं वाटे."

प्रेमिलाला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. ती जवळ सरकली. "मग काय आठवते?"

"पाठ. एवढी गर्दी होती, मी मांगून चालत होतो. तिचा पदर धरून."

त्या दुपारी प्रेमिलानं कागदावर फक्त भोवतीची गर्दी रंगवली, मातकट, धूसर. मधली माय तिनं ब्रशनं शिवलीसुद्धा नाही. कोऱ्या कागदाची ती पाठ आपसूक उभी राहिली. खाली पदराला धरलेली एक सावळी मूठ तेवढी तिनं काढली. कागद वाळेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

सिंधूताईंनी चित्र डोळ्याशी नेलं. कागद हळूहळू सरकत गेला. खांदा, पाठ, पदर. मुठीशी येऊन तो थांबला.

"हेच," त्या म्हणाल्या. मग आवाज कापला. "तवा माय पुढं होती, त मले भेव नव्हतं लागत. आता लागते वं, प्रेमिला. लई लागते."

प्रेमिलानं त्यांच्या हातातलं चित्र काढून बाजूला ठेवलं, आपल्या ओढणीचं टोक त्यांच्या मुठीत दिलं आणि पाठमोरी उभी राहिली.

"धरा," ती म्हणाली. "मी आहो पुढं."